आवाज नाई तर आत्मा नाई म्हने! मंग बैलजोड्यायच्या शर्यतीत, शंकरपटात, कोनतं इंजन असते भाऊ?

धुरकरी_दर्यापूर:
काल एका भावानं फेरारी २५० जीटीओचा फोटो टाकला अन् खाली लिहिलं, "रेस म्हंजे हे. बॅटरीवाल्या गाड्या पोट्ट्यायचे खेळने, आवाज नाई तर आत्मा नाई." खाली बदामच बदाम. मले रातभर झोप नाई आली (लाइनही नव्हती म्हना). म्हनून लिहून रायलो, लांब होईन, सहन करा.

जीटीओ मलेही आवडते बाप्पा. १९६२ ते ६४ मधी ३६ बनवल्या, तीन लिटरचं बारा सिलेंडरचं व्ही-१२ इंजन, तीनशेक हॉर्सपॉवर. पन आज तिची गत काय? २०२३ मधी न्यूयॉर्कच्या लिलावात एक ५ कोटी १७ लाख डॉलरले गेली. एवढ्याची वस्तू कोन पळवते राज्या, ते तर लॉकरमधलं सोनं झालं. अन् पळायचंच बोलाचं असन तर पाइक्स पीक पाहा. अमेरिकेतली घाट चढाची रेस, २० किलोमीटर, १५६ वळनं, शेवट ४३०२ मीटरवर. २०१३ मधी लोब नावाच्या ड्रायव्हरनं पूजो कंपनीची इंजनवाली गाडी चढवली ८ मिनिटं १३ सेकंदात, ८७५ किलोची गाडी अन् ८७५ च हॉर्सपॉवर, सगळे म्हने आता हे कोनाच्यानं तुटत नाई. २०१८ मधी द्युमा नावाचा ड्रायव्हर बॅटरीवाली फोक्सवॅगन आयडी.आर घेऊन गेला, ६८० हॉर्सपॉवर फक्त, अन् ७ मिनिटं ५७ सेकंदात वर. काऊन? वर हवा पातळ, इंजनचा दम सुटते, मोटरले श्वास घ्याचाच नसते.

आवाजाचं म्हनाल तर तळेगाव दशासरले पटात बैलजोडी सुटते तवा कोनतं इंजन वाजते? अंगावर काटा येते का नाई? संपला विषय.

गजू_मेकॅनिक:
विषय तुह्या घरी संपला असन. लॉकरमधी हाय हे कोनं सांगतलं तुले? पिंक फ्लॉइडचा ड्रमर निक मेसन, त्याच्यापाशी जीटीओ हाय, इंग्लंडातल्या गुडवूडले रेसमधी उतरवली हाय त्यानं. अन् पटात आवाज नसते म्हन्तो, कानात कापूस घालून गेलता का बे? जोडी हाकलनारा धुरकरी बोंबलते, धुऱ्यावरचं सारं गाव बोंबलते.

मुद्दा वेगळाच हाय. माह्या बापाची ७४ ची फियाट होती. मे महिन्यात मूर्तिजापूरच्या अलीकडं भर दुपारी बंद, पेट्रोल पंपात वाफ धरली. बापानं डोक्याचा दुपट्टा काढला, कॅनच्या पान्यात भिजवून पंपावर ठेवला, विडी संपेपर्यंत गाडी चालू. आता भाच्याची बॅटरीची स्कूटर आयका. ४५ डिग्रीत बंद पडली, स्क्रीनवर लाल दिवा, कंपनीचा मानूस नवव्या दिवशी आला, लॅपटॉप लावला अन् म्हने सॉफ्टवेअर. मी वीस वर्सापासून पान्हा धरतो, मले तिचं झाकनही खोलू नाई देल्लं. साठ वर्साची जीटीओ आजही खोलून बसवता येते. २०८० मधी रिमाक कंपनीच्या त्या बॅटरीवाल्या सुपरकारची, नेवेराची, बॅटरी कोन्या भंगारातून आनशीन?

नागपूरकर_व्होल्ट:
स्कूटरवरून नेवेरा जोखून राहिले तुम्ही, धन्य आहे. १९१४ हॉर्सपॉवर, चार चाकांना चार मोटर, शंभरचा स्पीड दोन सेकंदांच्या आत. दुपट्टा ओला करण्यात कसला आला अभिमान यार, त्याला गाडी खराब आहे म्हणतात. उलट गावात ईव्ही जास्त सोपी, जागाच जागा आहे, वावरात चार्जर बसवा, रात्री लावा, सकाळी फुल.

काळी_माती_आर्णी:
वावरात चार्जर!!! सायबाले कोनी तरी पानी पाजा. आमच्या वावरात पंपाची थ्री फेज लाइन रातच्या दहाले येते अन् सकाळी सहाले जाते, तेही आली तर. मागच्या दिवाळीच्या आंदी डीपी, म्हंजे लाइनीचा ट्रान्सफॉर्मर, जळाली, हरभरा ओलिताले आलेला, एकवीस दिवस चकरा मारल्या, शेवटी अकरा जनायनं वर्गनी केली अन् आमच्याच ट्रॅक्टरमधी आमीच डीपी आनली. आनल्यावर लाइनमन म्हन्ते तेल कमी हाय.

टिपेश्वर_साईड:
रातच्या ओलिताले तुमच्याकडं साप-विंचू तरी. आमच्याकडं वाघ हाय. रातच्या पान्याले तिघं जातो, एकानं पान्याचं दारं मोडाचं, दोघायनं टेंबे धरून गाने म्हनाचे. फार मोठ्यानं.

नागपूरकर_व्होल्ट:
सोलर पंप घ्या ना मग. सबसिडी आहे. प्रत्येक गोष्टीत रडगाणं काहून?

काळी_माती_आर्णी:
घेतला बे. एक प्लेट वान्नरानं फोडली, केबल डुकरानं तोडली, दुरुस्तीवाल्याचा फोन लागत नाई. अन् तू ज्या लाइनीवर फुशारक्या मारून रायला ते चंद्रपूरच्या २९२० मेगावॅटच्या स्टेशनातूनही येते. कोळसा आमच्या जमिनीतला, राख आमच्या नाकात, अन् एसीत तू. तुही गाडी बॅटरीवर नाई, वर्धेच्या काठच्या कोळशावर चालते, धूर तुले दिसत नाई एवढंच.

नागपूरकर_व्होल्ट:
कोळशाची राख आम्हीही खातो दादा, आमचं कोराडीचं वीज केंद्र काय स्वित्झर्लंडात आहे? ४६ डिग्री आम्हालाही आहे. अन् तुमचं डिझेल इंजन काय अगरबत्तीचा धूर सोडते?

धुरकरी_दर्यापूर:
अबे मी पाइक्स पीकवर लिहिलं होतं!! डीपीसाठी अलग धागा काढा ना.

काळी_माती_आर्णी:
तू चूप बस. वीज म्हटली का डीपी आलीच. सात वर्स कोर्टापायी पट बंद होता तवा तू पानभर रडला होता, कोनी तुले अलग धागा काढ म्हटलं होतं का?

रोहिणी_आयटीआय:
सगळ्यायचं वाचलं. आवाजवाल्यायनं एक लक्षात घ्या, मोटारीनं ताशी शंभर किलोमीटर पहिल्यांदा ओलांडले ते १८९९ मधी, जेनात्झी नावाच्या ड्रायव्हरनं, १०५.८८, अन् ती गाडी बॅटरीची होती. तुमच्या जीटीओच्या साठ वर्स आंदी. पन व्होल्टभाऊ, नेवेराचं वजन २३०० किलोच्या घरात हाय, जीटीओ नऊशेच्या आसपास. सरळ रेषेत कोनीही पळते, वळनावर वजन नडते. म्हनून २०१२ मधी ऑडीनं ल मान्सची चोवीस तासाची रेस जिंकली ते हायब्रीडवर, म्हंजे इंजन अन् मोटर दोन्हीवर, नुसत्या बॅटरीवर नाई. ब्रेक मारला का वाया जानारी ताकद साठवाची अन् वळनातून निंगतांना परत द्याची. पोर्शच्या ९१८ गाडीमधी हेच, व्ही-८ इंजन बी अन् मोटर बी. त्याच्यावर इथं एक अक्षर नाई कोनाचं.

अन् "पोट्ट्यायचे खेळने" म्हन्नाऱ्यायले, माह्या वर्गात पाच पोरी हायेत, इंजन खोलून परत बसवतात अन् नट उरत नाई. ईव्हीचा धडा मी फळ्यावर मोटर काढून शिकवते, कारन खरी मोटर कोनी देल्लीच नाई. गजूभाऊ, झाकन खोलू देत नाई म्हन्ता ते पुरं खरं हाय, आमालेही खोलाले भेटत नाई.

गजू_मेकॅनिक:
ताई म्हन्ते म्हनून पाइक्स पीक देल्लं रे धुरकऱ्या तुले. घाटापुरतं. खाली सपाटीवर ये मंग पाहू. अन् व्होल्टसायेब, तुमच्या नेवेराची कंपनी काढनारा माते रिमाक स्वताच २०२४ मधी म्हने का पैसेवाल्यायले बॅटरीची सुपरकार नको हाय. त्यानं सुरुवात बी कशी केली मालूम हाय का, जुन्या बीएमडब्ल्यूचं इंजन रेसमधी उडालं म्हनून तिच्यात मोटर बसवली. म्हंजे शेवटी मेकॅनिकच ना बे तो, आमच्याच जातीचा.

नागपूरकर_व्होल्ट:
पटलं. मेकॅनिक लोक महान आहेत. खूश? आता हेही ऐका, काळी मातीवाल्या दादांचा ट्रॅक्टर महिंद्राचा असेल तर पिनिनफारिना बॅटिस्टा ही बॅटरीची सुपरकार त्याच घरची आहे, १९०० हॉर्सपॉवर, बॅटरी-मोटर रिमाकची. तुमची भावकीच झाली.

काळी_माती_आर्णी:
हाय महिंद्राचाच. मंग त्या भावकीले सांग, दोन एकर नांगरून दे अन् डीपी वाहून आन.

लाल_घोडा_यवतमाळ:
मी फक्त फोटो टाकला होता बाप्पा. टिपेश्वरवाले भाऊ, गानं कोनतं म्हन्ता?