मदत हवी आहे: वाचनालयातल्या नव्या पुस्तकांची फीड वाचकांपर्यंत कशी न्यावी?

नमस्कार मंडळी. मी तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल आहे. 'कोहा' या वाचनालयांसाठीच्या सॉफ्टवेअरवर पुस्तकांची सूची टाकून झाली. त्यात कुठलाही शोध घेतला की निकालाची आरएसएस फीड (सतत ताजी होत राहणारी यादी) आपोआप मिळते आणि नवीन आलेलं पुस्तक वर दिसतं. म्हणजे 'बालसाहित्य' शोधलं की त्याची वेगळी फीड, स्पर्धा परीक्षांची वेगळी. फुकटात एवढं मिळतंय, तर वापरावं म्हटलं.

पण घोडं पेंड खातंय ते पुढेच. दर्शनी भागात क्यूआर कोड लावला, तर पहिल्याच आजोबांनी मोबाईल माझ्यासमोर धरला. "हे काय उघडलं?" स्क्रीनभर टोकदार कंस आणि कोड! फायरफॉक्स ब्राउझरनं 2018 साली फीड दाखवणं बंद केलं, आणि आमच्या वाचकांना फीड रीडर (फीड वाचायचं ॲप) टाका म्हणणं म्हणजे... असो.

तर ही फीड टेलिग्राम चॅनेलवर किंवा आठवड्यातून एकदा ईमेलनं आपोआप जाईल अशी सोय कुणी केली आहे का? व्हॉट्सॲपवर सध्या मीच दर शनिवारी नावं चिकटवते. खर्च जवळपास शून्य हवा, आमचं अनुदान तुम्हाला माहीतच आहे.

आणखी एक. जुन्या नोंदी युनिकोड (आता सगळीकडे चालणारी अक्षरांची पद्धत) येण्याआधीच्या फॉन्टमधल्या आहेत, फीडमध्ये त्यांची नुसती चिन्हं उमटतात. सात हजार नोंदी पुन्हा टंकायच्या, की एकगठ्ठा बदलता येतात? ज्यांनी प्रत्यक्ष केलंय त्यांनी जरूर सांगा.