ओम्नीचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळलाय, हेड उतरवून ठेवलंय. कुठले व्हॉल्व्ह घेऊ?

वारणाकाठ:

नमस्कार मंडळी. गाडी मारुती ओम्नी, २००८ची, एलपीजीवरची. मीटरला १,७४,००० किलोमीटर. इस्लामपूरजवळ आमची उसाच्या रोपांची नर्सरी आहे आणि ट्रे पोचवायचं सगळं काम याच गाडीवर. पंधरा वर्षं झाल्यावर पुन्हा पासिंग करून पाच वर्षं वाढवून घेतलीत, त्यामुळे विकायचा विचार नाही. पूर्वहंगामी लागण तोंडावर आली आहे. त्याआधी गाडी उभी राहायला हवी.

महिनाभर आयडलिंगला मिसिंग होतं. शिराळ्याकडच्या चढाला दुसऱ्या गियरमध्येसुद्धा दम टाकायची. प्लग बदलले, वायरी बदलल्या, काही फरक नाही. मग फिटरने कॉम्प्रेशन बघितलं. एक नंबर सिलिंडरला १५० पीएसआय, दोनला ६०, तीनला १४५. दोन नंबरमध्ये चमचाभर ऑइल सोडून परत बघितलं तरी ६५च. रिंगा नाहीत, व्हॉल्व्हच गेलाय, असं तो म्हणाला. हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, काढलं तर दोन नंबरच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या कडेचा करंगळीच्या नखाएवढा तुकडाच नाही. तिथून दांडीकडे पांढरट ओघळ आलाय. बाकीचे पाच डोळ्यांना ठीक दिसतात. धूर नव्हता, ऑइल खात नव्हती, म्हणून पिस्टनला हात लावायचा नाही असं ठरलंय.

माझ्याकडे सगळं मिळून ९,००० आहेत. गॅस्केट, टायमिंग बेल्ट, फिटरची मजुरी, लेथचं काम, सगळं त्यातच बसवायचंय. एका दुकानात सहा व्हॉल्व्हचा बिननावाचा सेट ७५०ला आहे. नाव असलेल्या कंपनीचा १,५००च्या आसपास. मारुतीच्या डब्यातले त्याहून बरेच महाग. एकजण म्हणतो, भंगारातलं अख्खं हेड ३,५००ला देतो, बसवा आणि पळवा. नुसता जळलेला एक बदलू, तिन्ही एक्झॉस्ट बदलू, का सहाच्या सहा? आणि ७५०च्या सेटमध्ये खरंच एवढं वाईट काय असतं? जाणकारांनी सांगावं, उद्या-परवा पैसे मोडायचेत.

रात्रपाळी_चाकण:

७५०वाला घेऊ नका. इंटेक तपासून परत वापरता येतात, एक्झॉस्ट मात्र तिन्ही नवे घाला. तिघांनी सारखंच ऊन सोसलंय, एक गेला म्हणजे बाकीचे दोन रांगेत आहेत. दुकानात जाताना खिशात लोहचुंबक ठेवा. का ते इथले हेडवाले सांगतीलच.

उद्यमनगर_हेड:

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात माझं हेडचं काम आहे, २७ वर्षं झाली. गॅसवरच्या ओम्नीचं हेड महिन्यातून दोन-तीन वेळा तरी टेबलावर येतं. तुम्ही लिहिलंय तसंच असतं, दोन नंबर नाहीतर तीन नंबरचा एक्झॉस्ट.

व्हॉल्व्ह घ्यायच्या आधी एक सांगा, शेवटचं टॅपेट, म्हणजे रॉकर आणि व्हॉल्व्हच्या दांडीमधला गॅप, कधी बघितलं होतं? एलपीजी कोरडा गॅस आहे. पेट्रोलचा जो थोडा ओलावा व्हॉल्व्हला आणि तो मिटताना जिच्यावर टेकतो त्या सीटला मिळतो तो गॅसवर मिळत नाही, म्हणून सीट हळूहळू झिजते. सीट झिजली की व्हॉल्व्ह हेडमध्ये खोल बसतो, त्याची दांडी रॉकरच्या अंगाला वर येते आणि टॅपेटचा गॅप खाल्ला जातो. गॅप कमी झाला की टॅपेटचा आवाज बंद होतो. गाडीवाला खूश होतो, इंजिन कसं शांत चाललंय बघा म्हणतो. तो आवाज बंद झाला तेव्हाच खरं तर गाडी माझ्याकडे यायला हवी. गॅप शून्य झाला की व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या अंगातली बहुतेक उष्णता मिटलेल्या वेळात सीटमधून हेडला जाते, थोडी गाईडमधून, म्हणजे दांडी जिच्यात सरकते त्या नळीतून. मिटलाच नाही तर ती जाणार कुठून? वर त्या बारीक फटीतून पेटता वायू गॅस कटरसारखा सुटतो. तुमच्या व्हॉल्व्हची कड अशी कापली गेलीय. कारण तसंच ठेवून कितीही भारी व्हॉल्व्ह घातला तरी वर्षभरात परत इथंच याल.

आता गाईड. व्हॉल्व्ह सीटवरून बोटाच्या पेरभर उचला आणि तोंडाला धरून डावी-उजवीकडे हलवा. खटखट हलला तर दांडी झिजलीय नाहीतर गाईड. मग नवा व्हॉल्व्ह त्याच गाईडमध्ये घालून परत हलवा. तरी हलतोय म्हणजे गाईड गेलंय. ढिल्या गाईडमध्ये नवा व्हॉल्व्ह दरवेळी वेगळ्या जागी टेकतो, सीट कितीही सुंदर कापा. आणि सीट कापायच्या कटरचा पायलट गाईडमध्येच उभा राहतो, म्हणून गाईड आधी, रीमरने त्याचं भोक मापाला आणणं मग, सीट त्यानंतर आणि घासणं सगळ्यात शेवटी. लेथवाला गाईडचं नाव न काढता थेट सीट कापायला बसला तर हेड उचलून आणा. हे मी माझ्याच धंद्यातल्या लोकांबद्दल लिहितोय, पण लिहायला हवं.

इंटेकचं सांगतो. दांडीवर जिथं गाईड घासत नाही तिथं मायक्रोमीटर लावा, ते मूळ माप. मग घासतो त्या भागात दोन-तीन ठिकाणी लावा. दोन थाउपेक्षा, म्हणजे ०.०५ मिमीपेक्षा जास्त उतरला असेल तर व्हॉल्व्ह बाद. डोक्यावर रॉकरचा खड्डा पडलाय का ते नखाने बघा. तोंड ग्राइंड केल्यावर कडेची जाडी एक मिलिमीटरच्या खाली जात असेल तर तोही बाद, कारण पातळ कड लाल होते. यातून पास झाले तर खुशाल परत वापरा. पैसे तिथं वाचवा, एक्झॉस्टमध्ये नको.

चुंबकाचं असं आहे. चांगल्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हचं तोंड ज्या पोलादाचं असतं त्यात क्रोमियम, मँगनीज, निकेल भरपूर असतं. ते तापून लाल झालं तरी ताकद धरून ठेवतं, आणि त्याला चुंबक धरत नाही. दांडी बहुतेक वेळा दुसऱ्या पोलादाची, घर्षणाने वेल्ड केलेली. तिला चुंबक लागतो आणि तिचं टोक कडक करता येतं. इंटेक सगळा चुंबकाला चिकटतो, त्याला ते चालतं, कारण तो थंड हवेत असतो. एक्झॉस्ट म्हणून दिलेल्या व्हॉल्व्हचं तोंड चुंबकाला टक्कन चिकटलं तर तो इंटेकच्याच मालाचा आहे, घेऊ नका. आधी तुमच्या जुन्या व्हॉल्व्हलाही लावून बघा, मूळ माल कसा होता ते तोच सांगेल. मात्र वेल्ड कच्चं आहे का, ते चुंबकाला कळत नाही. त्यासाठी व्हॉल्व्ह बनवणाऱ्या कंपनीचा माल, राणे म्हणा, उषा म्हणा, आणि पक्कं बिल देणारं दुकान.

मी हे शिकलो त्याचे पैसे भरलेत. धंद्याला पाचेक वर्षं झाली असतील. गडहिंग्लजकडचा वडापवाला, म्हणजे शेअर प्रवासी गाडीवाला होता, त्याची अडचण बघून मी स्वस्तातला सेट घातला. डब्यावर कुणाचंच नाव नव्हतं. दोन महिन्यांनी घाटात व्हॉल्व्हचं तोंड दांडीपासून तुटून पिस्टनवर पडलं. पिस्टन फुटला, हेड फाटलं, गाडीत माणसं होती. कुणाला काही झालं नाही. हेड आणि पिस्टन मी माझ्या खिशातून भरलं. ते तुटलेलं तोंड अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. कुणी स्वस्त सेटचा हट्ट धरला की काढून त्याच्या हातावर ठेवतो.

दुकानात जुना इंटेक आणि जुना एक्झॉस्ट दोन्ही घेऊन जा. नुसतं आठशेचं इंजिन म्हणू नका, सहा व्हॉल्व्हचं म्हणा, कारण अल्टोचं ७९६ सीसीचं इंजिन बारा व्हॉल्व्हचं आहे. तोंडाचा व्यास, दांडी, लांबी आणि लॉकची खाच व्हर्नियरने जुळवूनच पैसे द्या. व्हॉल्व्ह सील सहाही नवे. जुने परत घालून कुणी श्रीमंत झालेलं नाही.

म्हापश्याची_ओम्नी:

भंगारातल्या हेडबद्दल माझा अनुभव. मी असंच एक आणलं होतं. वरून धुऊन चकाचक केलेलं. लेथवर पट्टी ठेवून खाली फिलर, म्हणजे फट मापायची पातळ पात, घातला तर मध्ये बाक, आणि एक नंबरच्या दोन सीटच्या मधोमध केसासारखी चीर. विकणारा म्हणाला, मी बघून दिलं होतं. पैसे गेले ते गेलेच. तुमचं स्वतःचं हेड कुठून कुठं आलंय ते तुम्हाला माहीत आहे, तेच दुरुस्त करा.

वारणाकाठ:

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री जुन्या स्पीकरचं चुंबक काढून बसलो. जळलेल्या व्हॉल्व्हचं तोंड अजिबात धरत नाही, दांडीवर सरकवत नेलं तर साधारण मधल्या भागात येऊन एकदम पकडतं. जोड कुठं आहे ते डोळ्यांना दिसत नाही, चुंबकाला कळतं. आज ७५०च्या दुकानात गेलो. तिथला एक्झॉस्ट तोंडापासून टोकापर्यंत सगळाच चिकटला. दुकानदारालाही दाखवलं. तो बिचारा म्हणाला, मला हे कधी कुणी सांगितलंच नाही.

उद्यमनगर काका, टॅपेटचं तुमचं बरोबर निघालं. दोन वर्षांत कुणी बघितलं नव्हतं, आणि आवाज नाही म्हणून मी निश्चिंत होतो. तिन्ही एक्झॉस्टची गाईडं हलतायत, दोन नंबरचं सगळ्यात जास्त. इंटेक मापाला चांगले निघाले, जेमतेम एक थाउ उतरलेत. एक विचारायचं राहिलं. दोन नंबरची सीट खोल गेलीय. नुसती कापून भागेल का सीटच बदलायची? आणि गॅसवर गाडी असल्यामुळे सीटची रुंदी किती ठेवायला सांगू?

उद्यमनगर_हेड:

शेजारच्या एक नंबरच्या एक्झॉस्टशी तुलना करा. दोन्हीकडे नवा व्हॉल्व्ह घालून दांडीची टोकं हेडच्या वर किती येतात ते मापा. दोन नंबरची ठळक वर आली तर सीट बदला, कारण कापली तर अजून खोल जाईल आणि टॅपेटला फिरायला जागा उरणार नाही. सीट बसवताना हेड गरम आणि सीट थंडगार करून बसवायला सांगा, हातोड्याने ठोकून नाही. एक्झॉस्टची रुंदी दीड मिलिमीटरच्या आसपास ठेवा. पेट्रोलवाल्यासारखी बारीक नको, गॅसवर उष्णता जायला जागा लागते. फार रुंद ठेवली तर कार्बन अडकतो.

घासायला बारीक पेस्ट पुरते. राखाडी अखंड पट्टा आला की थांबायचं. वाईट कापलेली सीट पेस्टने सरळ होत नाही, उलट खोलगट होते. नंतर पेस्ट धुऊन काढा, गाईडच्या आतूनसुद्धा, नाहीतर तीच नवीन गाईड खाईल. सगळं बसल्यावर हेड आडवं ठेवून पोर्टमध्ये केरोसीन ओता आणि चहा पिऊन या. व्हॉल्व्हच्या कडेला ओल दिसली तर परत उघडायचं. लेथवाल्याला राग आला तरी हे तुमच्या डोळ्यांसमोर करून घ्या.

वारणाकाठ:

कळवायला उशीर झाला, गाडी चालू झाल्यापासून ट्रे पोचवण्यातच दिवस गेले.

हिशोब देतो, पुढच्या माणसाला उपयोगी पडेल. तीन एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ८७०, सील १८०, तीन गाईड आणि रीमिंग ९००, दोन नंबरची एक सीट ७५०, सहाही सीट कापून घासून ९००, हेड फेसिंग ६००, हेड गॅस्केट आणि टायमिंग बेल्ट १,९००, फिटर २,५००. एकूण ८,६००. ऑइल, कूलंट वेगळं झालं. इंटेक जुनेच आहेत.

केरोसीनची परीक्षा लेथवाल्याच्या बाकड्यावरच घेतली. पाच जागा कोरड्या, तीन नंबरच्या एक्झॉस्टला पाच मिनिटांनी कडेला एक चकाकती रेष आली. तो काही न बोलता परत घासायला बसला. दुसऱ्या वेळी अर्धा तास ठेवलं, कागद लावून बघितला, कोरडा. कॉम्प्रेशन आता १५५, १५५, १५०.

हजार किलोमीटरला थंड इंजिनावर फिलर घातला. दोन नंबरचा एक्झॉस्ट किंचित घट्ट झाला होता, तो परत मापाला आणला. बाकी पाच जसेच्या तसे. टॅपेटचा बारीक टकटक आवाज आता येतो. बाबा पहिल्या दिवशी म्हणाले, इंजिन वाजतंय, दाखवून आण. त्यांना शेजारी बसवून शिराळ्याचा चढ तिसऱ्या गियरवर नेला. पुढचं टॅपेट पाच हजाराला, तारीख डॅशबोर्डवर चिकटवून ठेवलीय.