गरम इंजिनवर 3 नंबर सिलिंडर मिसिंग, प्लग आणि कॉइल बदलूनही तेच. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. गाडी 2016 ची आहे, 1.2 लिटर पेट्रोल, चार सिलिंडर. बाहेरून बसवलेलं सिक्वेन्शियल सीएनजी किट आहे. 1,12,000 किमी झालेत, त्यातले ऐंशी हजार तरी गॅसवर.

सकाळी गार इंजिन सुरू केलं की काहीच तक्रार नसते. वीस-पंचवीस मिनिटं चालवून सिग्नलला थांबले की थरथर सुरू होते, स्टिअरिंगपर्यंत जाणवते, आणि सायलेन्सरमधून फट्-फट् असा तुटक आवाज येतो. रेस देऊन आरपीएम 2000 च्या वर नेले की बरीचशी शांत होते.

परवा आईला पुण्यात डॉक्टरांना दाखवून वाईला परत नेत होते. खंबाटकी चढताना तिसऱ्या गिअरमध्येच गाडीने दम टाकला आणि चेक इंजिनचा दिवा लुकलुकायला लागला. हा दिवा नुसता पेटला तर गाडी हळू चालवत गॅरेजपर्यंत नेता येते, पण लुकलुकत असेल तर न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे पेटतं आणि आतली जाळी वितळू शकते, एवढं माहीत होतं. जागा मिळताच बाजूला घेतली. आई उन्हात तासभर बसून राहिली, ते डोळ्यांसमोरून जात नाही.

ओबीडी स्कॅनरवर (गाडीचे दोष-कोड वाचणारं यंत्र) कोड पी0303 येतो, म्हणजे तिसऱ्या सिलिंडरमध्ये मिसिंग, इंधन नीट पेटत नाही. गॅरेजवाल्यांनी आधी चारही प्लग बदलले, मग 3 नंबरची कॉइल. दोन्ही वेळा गाडी गार असताना ताब्यात दिली, त्यामुळे घरी येईपर्यंत बरं वाटलं. आता म्हणतात, इंजिनचं काम निघालंय, चाळीस हजार धरून चाला. नेमकं काय बिघडलंय हे मात्र सांगत नाहीत. खर्च करायला माझी ना नाही, पण कशासाठी करतेय ते कळायला हवं.

मी स्वतः एवढं केलं: 3 ची कॉइल 1 ला आणि 1 ची 3 ला लावली. कॉइल खराब असती तर कोड पी0301 झाला असता. झाला नाही. प्लगचीही अशीच अदलाबदल केली, कोड जागचा हलला नाही. प्लगच्या खड्ड्यात तेल किंवा पाणी नाही. कूलंट कमी होत नाही, ऑइलचा रंग ठीक आहे. पुढे काय तपासू?

प्रतिसाद 1

इंजेक्टर (इंधन फवारणारी नळी) बघा ताई. माझ्या गाडीचा चोक झाला होता, अगदी असाच त्रास होता. साफ करून घेतला, थांबलं.

धागाकर्ती

दादा, तोच संशय मलाही होता. पण गॅसवर आणि पेट्रोलवर, दोन्हीकडे मिसिंग तेवढंच आहे. गॅसचे इंजेक्टर वेगळे, पेट्रोलचे वेगळे. दोन्ही संचांतला नेमका तिसराच एकाच वेळी बिघडेल, हे पटत नाही.

प्रतिसाद 2

ताई, तुमचं निम्मं निदान या एका वाक्यात झालं. इंधन बदलूनही दोष तिथेच, स्पार्कची अदलाबदल करूनही तिथेच. राहिलं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब. माझं सांगलीला गॅरेज आहे. गॅसवर भरपूर चाललेल्या गाड्यांत हे दुखणं मी पुन्हा पुन्हा पाहतो.

गॅस कोरडा जळतो, व्हॉल्व्ह आणि सीट (तो बसतो ती कड) हळूहळू घासतात आणि व्हॉल्व्ह हेडमध्ये वर सरकतो. वर सरकला की टॅपेटचा गॅप, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या भागातली फट, कमी होतो. लोक टॅपेट वाजले की धावत येतात, पण इथे उलटं होतं: गॅप संपला की आवाज बंद होतो आणि मालकाला वाटतं इंजिन छान चाललंय. इंजिन तापलं की एक्झॉस्ट व्हॉल्व्ह लांबतो, उरलासुरला गॅपही जातो आणि व्हॉल्व्ह पूर्ण बसतच नाही. म्हणून गार असताना ठीक, गरम झाल्यावर मिसिंग. रेसवर गळायला वेळ कमी मिळतो, म्हणून तिथे बरं वाटतं.

कॉम्प्रेशन टेस्ट गरम इंजिनवरच करायला सांगा. चारही प्लग बाहेर, कॉइल आणि इंजेक्टरचे कनेक्टर काढलेले, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, बॅटरी चार्ज. प्रत्येक सिलिंडरला मीटर लावून स्टार्टरने पाच-सहा झटके द्या. सर्वांत कमी आकडा सर्वांत जास्त आकड्याच्या पाऊण पटीखाली असेल तर दोष पक्का. मग त्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल घालून परत घ्या. आकडा चांगला वर आला तर पिस्टनच्या रिंग, नाही आला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. तुमचं कूलंट जागेवर आहे, म्हणून गॅस्केटची शंका कमी.

हेड खोलायच्या आधी टॅपेट कव्हर काढून गॅप मोजून घ्या. इंजिन पूर्ण गार असताना, रात्रभर उभी असेल तर उत्तम. तोवर गाडी घाटात नेऊ नका.

धागाकर्ती

काका, दुसऱ्या एका मिस्त्रींकडे नेली, ते तपासायला आनंदाने तयार झाले. आकडे पीएसआयमध्ये: 170, 165, 105, 170. ऑइल घातल्यावर तिसरा 110. म्हणजे रिंग नाहीत ना?

प्रतिसाद 2

नाहीत. व्हॉल्व्हच. टॅपेट मोजा.

धागाकर्ती, शनिवारी रात्री

आज सकाळी गाडी गार असताना कव्हर काढलं. माझ्या इंजिनात स्क्रूचे टॅपेट आहेत. 3 नंबरच्या एका एक्झॉस्ट व्हॉल्व्हला फीलर गेजची (फट मोजायच्या पट्ट्या) 0.05 मिमीची पट्टीसुद्धा शिरली नाही. 1 आणि 4 चे एक्झॉस्टही घट्टच निघाले, फक्त तिथे थोडी जागा शिल्लक होती. मिस्त्रींनी मॅन्युअलमधल्या मापाप्रमाणे सगळे सेट केले, कव्हरचं गॅस्केट नवं घातलं. गाडी तापवून परत कॉम्प्रेशन घेतलं तर तिसरा 150 वर आला. संध्याकाळी कात्रजपर्यंत जाऊन आले, सिग्नलला थरथर नाही, कोड परत आलेला नाही. मजुरी आणि गॅस्केट धरून 2,400 रुपये.

काका, 150 आणि 170 मधला हा फरक भरून येईल की व्हॉल्व्ह थोडा जळला असेल? आणि टॅपेट परत कधी बघू?

प्रतिसाद 2

थोडा जळला असणार, पण 150 वर गाडी नीट चालेल. एक हजार किमी झाल्यावर परत कॉम्प्रेशन घ्या. आकडा टिकला तर हेडला हात लावू नका, उतरला तर हेड काढून व्हॉल्व्ह आणि सीटचं काम करा. तेही अर्धं इंजिन नव्हे, फक्त हेड. टॅपेट मात्र आता दर वीस हजारांना मोजत जा, आवाज येवो न येवो. आईंना वाईला न्यायच्या आधी पन्नास-साठ किमी सपाट रस्त्यावर चालवून बघा.