मदत हवी आहे: एडीएचडीसाठी ब्रेन मॅपिंग करावं का? (मुलगा ८ वर्षांचा)

केळीबाग:
नमस्कार मंडळी. आम्ही यावल तालुक्यातले, केळीवाले. मुलगा तिसरीत. पाढे तोंडपाठ, हुशारीचा प्रश्नच नाही, पण हात थांबत नाही. परवा बागेत ठिबकच्या नळ्यांची टोपणं काढत सुटला. म्हटलं, काय सांगितलं होतं? तर लगेच, "टोपणाला हात लावायचा नाही." आणि हे म्हणता म्हणता पुढचं टोपण हातात! वर्गात बाईंचा प्रश्न पुरा व्हायच्या आत याचं उत्तर.

जळगावला मुलांच्या मानसोपचार डॉक्टरांनी एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा) सांगितलंय. कॉम्प्युटरवर एक चाचणी घेतली: कुठलंही अक्षर आलं की बटण दाबायचं, एक्स आला की नाही दाबायचं. नियम यानेच डॉक्टरांना समजावून सांगितला आणि एक्सवर दाबत सुटला. डॉक्टर म्हणाले, कपाळामागचा मेंदूचा जो भाग "थांब" म्हणतो, तो या मुलांत उशिरा तयार होतो. घरात आणखी कोणी असं होतं का, विचारलं. सासूबाई पटकन म्हणाल्या, "याना बाप बी असाच व्हता." आमचे हे खाली बघत बसले.

आता एका सेंटरवाल्यांचं म्हणणं, आधी ब्रेन मॅपिंग (डोक्याला तारा लावून मेंदूच्या लहरींचा नकाशा) करा, मगच गोळी. फी तगडी आहे. डॉक्टरांनी तर असलं काही सांगितलेलं नाही. करावं का? आणि मेंदू उशिरा का होईना तयार होणारच असेल, तर गोळीशिवाय थांबलं तर? गोळी मिथाइलफेनिडेट आहे, सासूबाईंना सवयीची भीती वाटते.

तापीकाठ:
ताई, माझी मुलगी याच रस्त्याने गेली आहे. एडीएचडी मशीनवर ठरत नाही. लक्षणं सहा महिन्यांहून जास्त, बारा वर्षांच्या आतली, घरी आणि शाळेत दोन्हीकडे, हे बघून ठरतं. फिटची शंका असेल तर डॉक्टर स्वतःच ईईजी (मेंदूच्या लहरींची तपासणी) लिहून देतील. नाहीतर ते पैसे वाचवा.

उशिराचं म्हणाल तर अमेरिकेत २००७ साली शेकडो मुलांचे स्कॅन तपासले होते. मेंदूचा वरचा थर पूर्ण जाडीला यायचं सरासरी वय इतर मुलांत साडेसात, या मुलांत साडेदहा. सगळ्यात उशीर कपाळामागच्या भागाला. गंमत म्हणजे हात चालवणारा भाग उलट थोडा लवकर तयार! तुमच्या टोपणांचं उत्तर त्यात असावं. पण ही सरासरी आहे. एकट्या मुलाच्या स्कॅनवरून निदान होत नाही आणि पुष्कळांना मोठेपणीही त्रास राहतो. तोवर तिसरी-चौथीचा अभ्यास कोणासाठी थांबतो का?

गोळीने डोपामिन (मेंदूतलं निरोप पोचवणारं रसायन) वाढतं आणि तो "थांब" वेळेवर निघतो. भूक कमी होते, झोप उशिरा लागते, म्हणून वजन-उंची-बीपी बघत राहतात. सवयीच्या धोक्यामुळेच ती चिठ्ठीशिवाय मिळत नाही. डॉक्टरांनी दिलेल्या मापात घ्यायची, मनाने वाढवायची-सोडायची नाही. सासूबाईंना पुढच्या वेळी सोबत न्या, त्यांनाच विचारू द्या. आणि एका वेळी एकच काम सांगा, केलं की तिथल्या तिथे शाबासकी. संध्याकाळपर्यंत ठेवलेली शाबासकी आमच्याकडे कधी चालली नाही.

केळीबाग:
धन्यवाद दादा, मॅपिंग रद्द. डॉक्टरांनी शाळेसाठी फॉर्म दिलाय, पण बाई म्हणतात, "लाडाने बिघडलाय," आणि भरायला तयार नाहीत. जिल्हा परिषदेच्या शाळेत कोणी हे जमवलंय का? मुख्याध्यापकांकडे जावं की डॉक्टरांचीच चिठ्ठी आणावी?