जीवाणूंनी बनवलेले मँगनीज ऑक्साइड शिसे कमी का धरते, आणि कोबाल्ट घातल्यावर मँगनीज कुठून येते?

गाळमाती:
स्यूडोमोनास पुटिडा या जीवाणूच्या कल्चरमध्ये १०० मायक्रोमोलर मँगनीज सल्फेट घातले. तपकिरी ऑक्साइड आल्यावर सेंट्रिफ्यूज करून एकदा पाण्याने धुतले, १०५ अंश सेल्सिअसवर रात्रभर वाळवले आणि खलात कुटले. मग पीएच ६ ला, सारख्याच वजनाची पावडर घेऊन शिसे आणि कोबाल्टच्या वेगळ्या फ्लास्कमध्ये २४ तास ढवळले. शिशाची पकड विकतच्या मँगनीज डायऑक्साइडपेक्षा जेमतेमच जास्त आहे. कोबाल्टच्या फ्लास्कमध्ये तर गाळलेल्या पाण्यात मँगनीज वाढते, शिशाच्या फ्लास्कमध्ये नाही. ऑक्साइड विरघळते आहे का?

थरावर_थर:
आधी वजनाचा हिशेब बघा. १०० मायक्रोमोलर मँगनीजपासून लिटरमागे जास्तीत जास्त ८.७ मिलिग्रॅम मँगनीज डायऑक्साइड मिळते. त्याच लिटरभर कल्चरमधल्या पेशींचे कोरडे वजन याच्या कित्येक पट असते. म्हणजे पावडर म्हणून जे तोलले, ते मुख्यतः वाळलेले जीवाणू आहेत. तुलना प्रतिग्रॅम नको, प्रतिमोल मँगनीज करा. त्यासाठी थोडा नमुना ०.१ मोलर हायड्रॉक्सिलअमाइन हायड्रोक्लोराइडमध्ये (०.०१ मोलर नायट्रिक आम्लात) पूर्ण विरघळवून मँगनीज मोजा.

दुसरी चूक वाळवण्याची. हे ऑक्साइड म्हणजे पातळ, वेडेवाकडे पापुद्रे. पापुद्र्यात जागोजागी मँगनीजचा अणूच नसतो, आणि त्या रिकाम्या जागेभोवतीच्या ऑक्सिजनांवर ऋण प्रभार उरतो. शिसे बसते ते बरेचसे या जागेच्या वर किंवा खाली, आणि काही कडांवर. १०५ अंशांवर थरांमधले पाणी जाते, पापुद्रे एकमेकांना चिकटतात आणि आतल्या जागा बंद होतात. विकतचे डायऑक्साइड बहुधा पायरोल्युसाइट असते, म्हणजे थरांऐवजी बोगद्यांची रचना असलेले मँगनीज डायऑक्साइड. त्याच्या अरुंद बोगद्यांत शिसे शिरतच नाही, ते फक्त पृष्ठभागावर बसते. तुमचे ऑक्साइड वाळवून तुम्ही त्याच्या पंक्तीला नेऊन बसवले आहे. ओलेच वापरा.

कोबाल्टनिळा:
कोबाल्टचे वागणे बरोबर आहे, आणि ही साधी विरघळण नाही. द्विसंयुजी कोबाल्ट ऑक्साइडवर त्रिसंयुजी होते आणि थरातच बसते. कोबाल्टचा प्रत्येक आयन एक इलेक्ट्रॉन देतो, चतुःसंयुजी मँगनीजला द्विसंयुजी व्हायला दोन लागतात. म्हणून दोन मोल कोबाल्टमागे एक मोल मँगनीज सुटते. प्रत्यक्षात पाण्यात त्याहून कमी दिसते, कारण सुटलेल्यातले काही मँगनीज पुन्हा त्याच रिकाम्या जागांवर जाऊन बसते. धरल्या गेलेल्या कोबाल्टच्या मोलांच्या अर्ध्याहून बरेच जास्त आले, तर मात्र दुसरे काहीतरी ऑक्साइडचे क्षपण करत (त्याला इलेक्ट्रॉन देत) असण्याची शक्यता तपासा. माध्यमातले सेंद्रिय पदार्थ किंवा हेपेससारखा बफर (पीएच स्थिर ठेवणारा पदार्थ) हे पहिले संशयित. शिसे या ऑक्साइडवर ऑक्सिडाइझ होत नाही, नुसते बसते. त्यामुळे तिथे मँगनीज स्थिर राहिले.

गाळमाती:
मग धुवायचे कशाने, आणि किती वेळा? पाण्यात ऑक्साइड खाली बसत नाही, धूसर राहते.

थरावर_थर:
०.०१ मोलर सोडियम नायट्रेटने, पीएच ६ ला, तीनदा. क्षारामुळे गाळ बसतो. क्लोराइड टाळा, ते शिशाशी जोडी करते. कल्चरमधले विरघळलेले मँगनीज जवळपास संपेपर्यंत ऑक्साइड काढूच नका. रिकाम्या जागांवर बसलेले द्विसंयुजी मँगनीज सोडियमने हलत नाही, आणि शिशाची जागा अडवून ठेवते. एका धुण्याने माध्यमातला फॉस्फेटही जात नाही. मग लेड फॉस्फेटचा गाळ पडतो आणि तो "ऑक्साइडने धरलेले शिसे" म्हणून मोजला जातो.

बफर न घालता पातळ नायट्रिक आम्ल किंवा सोडियम हायड्रॉक्साइडने पीएच राखा. शिसे १ ते २० मायक्रोमोलर पुरे.

नियंत्रण_फ्लास्क:
दोन फ्लास्क राहिले. एक, मँगनीज न घालता वाढवलेल्या तेवढ्याच पेशींचा, कारण पेशीभित्तीवरचे कार्बॉक्सिल गटही शिसे धरतात. दोन, फक्त शिशाचे द्रावण. भांडे आणि ०.२ मायक्रॉनचा फिल्टर किती खातो ते त्यावरून कळते. फिल्टरमधून आलेले पहिले काही मिलिलिटर टाकून द्या.

ल्युकोबर्बेलिन ब्लूने (ऑक्साइडमुळे निळे होणारे अभिकर्मक, मोजणी ६२० नॅनोमीटरला) ऑक्साइड मोजणार असाल, तर परमँगनेटच्या स्टँडर्डला २.५ ने गुणायला विसरू नका. परमँगनेट पाच इलेक्ट्रॉन घेते, डायऑक्साइड दोन. इथे चुकले की प्रतिमोल हिशेबही अडीच पटींनी घसरतो.

आणि धातूंच्या मिश्रणात क्रोमियम असेल तर ते वेगळे तपासा. त्रिसंयुजी क्रोमियम या ऑक्साइडवर षट्संयुजी होते. ते जास्त विषारी, शिवाय क्रोमेट ऋण आयन असल्याने ऋण प्रभाराच्या पापुद्र्यावर टिकत नाही, पाण्यात उतरते.