मदत हवी आहे: सीएंनी नफ्याचा तोटा केला, सही करू की सीए बदलू?

झऱ्याकाठचा | ११ नोव्हेंबर २०२४, रात्री ९:४०

अर्जंट आहे म्हणून सरळ मुद्द्यावर येतो. अंबाजोगाई-लातूर रस्त्यावर आमची छोटी कंपनी आहे. वॉटर पार्क, चार खोल्या, एक हॉल. वर्ष बरं गेलं. घरच्या वहीत हिशोब केला तर ११ लाख ४० हजार सुटतात. सीएंनी पाठवलेल्या ताळेबंदात ५ लाख १० हजार तोटा! कार्डाचे पैसे धरलेच नाहीत. वेव्ह पूलच्या लोनची फाईल बँकेत पडून आहे, मॅनेजरचा रोज फोन. त्यात तारीख निघून गेली, रोज दंड चढतोय म्हणे. तोट्यावर सही करू की सीए बदलू? उद्या सकाळपर्यंत सांगा.

ताळेबंद_तात्या | रात्री ९:५८

कसलं कार्ड? प्रायव्हेट लिमिटेड की एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी)? नोंदणी कधीची? उलाढाल किती? घसारा धरलाय का? यातलं एकही लिहिलेलं नाही आणि उत्तर मात्र सकाळपर्यंत हवंय.

गोदाकाठी | रात्री १०:०५

दंडाचं मी सांगतो, आमच्या कंपनीने भोगलंय. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत. तिथून ३० दिवसांत एओसी-४ (ताळेबंद भरायचा फॉर्म), ६० दिवसांत एमजीटी-७ए (वार्षिक विवरणाचा फॉर्म). उशीर झाला की प्रत्येक फॉर्मला दिवसाला १०० रुपये, आणि त्याला वरची मर्यादा नाही. सभा झालीच नसेल तरी एओसी-४ ची मुदत ३० सप्टेंबरपासूनच मोजतात. म्हणजे ३० ऑक्टोबरला संपली, आज १२ दिवस झाले, १२०० रुपये. सभा न घेतल्याचा दंड वेगळा, तो लाखापर्यंत जातो. तीन वर्षं लागोपाठ ताळेबंद भरला नाही तर पाच वर्षं कुठल्याच कंपनीत संचालक होता येत नाही. २०१७ साली एका झटक्यात तीन लाखांहून जास्त संचालक असे बाद झाले होते, त्यात आमच्या ओळखीचे दोघं.

कपाशीवाला | रात्री १०:११

एवढं कशाला डोकं लावता भाऊ. प्राप्तिकराचं ४४एडी कलम घ्या, छोट्या धंद्याला ठोक नफा दाखवायची सोय. ८ टक्के नफा दाखवा, ऑनलाइन पैसे असतील तर ६ टक्के. ना वही ना ऑडिट. माझं जिनिंगचं दुकान दहा वर्षं असंच चालू आहे.

ताळेबंद_तात्या | रात्री १०:१६

कपाशीवाले, ४४एडी कंपनीला लागू नाही. एलएलपीलाही नाही. कंपनीची उलाढाल शून्य असली तरी ऑडिट लागतं.

कपाशीवाला | रात्री १०:१९

मग कंपनी काढायचं खूळ कुणी घातलं डोक्यात? दुकान बरं.

झऱ्याकाठचा | रात्री १०:३४

प्रायव्हेट लिमिटेड. मी आणि चुलतभाऊ संचालक. गल्ला ६१ लाख, कार्डं धरून. घसाऱ्याचं मला माहीत नाही, स्लाईड तर नव्याच आहेत. फॅमिली कार्ड म्हणजे ७५०० रुपयांत चार जणांना तीन वर्षं कितीही वेळा एन्ट्री. फेब्रुवारी-मार्चमध्ये १६० कार्डं विकली, १२ लाख जमले. पैसे खात्यात आलेत, स्टेटमेंट आहे! आलेले पैसे उत्पन्न नाही तर काय आहेत?

नोंदवही | रात्री १०:५२

देणं आहे. मी कंपनी सेक्रेटरीच्या ऑफिसात काम करते, रोज हेच समजावते. कार्ड कधीपासून कधीपर्यंत चालतं?

झऱ्याकाठचा | रात्री १०:५५

१ एप्रिल २०२४ ते ३१ मार्च २०२७.

नोंदवही | रात्री ११:१४

मग तुमच्या सीएंनी बरोबर केलंय. ताळेबंद आहे ३१ मार्च २०२४ चा. त्या दिवसापर्यंत कार्डवाल्या एकाही पोराने तुमच्या पाण्यात पाय घातलेला नाही. सालगड्याला पाडव्याला वर्षाची उचल दिली म्हणजे त्याचं वर्षाचं काम झालं का? तसंच हे, फक्त इथे उचल तुम्ही घेतली आहे. ही रक्कम 'आगाऊ मिळालेलं उत्पन्न' म्हणून देण्यांच्या बाजूला बसते आणि दरवर्षी एक तृतीयांश उत्पन्नात येते.

तुमच्या वहीतला फरक आता जुळतो बघा. ११ लाख ४० हजारांतून कार्डांचे १२ लाख वजा केले की ६० हजारांचा तोटा. उरलेले साडेचार लाख घसारा असणार. स्लाईड नव्या आहेत म्हणून घसारा नाही असं होत नाही. कंपनी कायद्याच्या परिशिष्टात साध्या यंत्रसामग्रीला १५ वर्षं आयुष्य धरलंय, त्या हिशोबाने पहिल्या दिवसापासून किंमत झिजते.

आता तुम्ही न विचारलेलं. त्या १२ लाखांवर जीएसटी भरलात का? मालाच्या आगाऊ रकमेवर तो नंतर भरला तरी चालतो, सेवेचा मात्र पैसे हातात पडले की लागू. वॉटर पार्कच्या प्रवेशाला १८ टक्के. ७५०० मध्येच कर धरला असेल तर १२ लाखांतले १,८३,०५१ रुपये सरकारचे. उरले १०,१६,९४९, म्हणजे वर्षाला साधारण ३ लाख ३९ हजार.

झऱ्याकाठचा | रात्री ११:२०

जीएसटी मेहुणा बघतो. विचारतो उद्या.

पाणीपुरवठा_कोलमडला | १२ नोव्हेंबर, सकाळी ७:०२

ताळेबंद राहू द्या बाजूला. लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, आणि त्याच रस्त्यावर तुम्ही वेव्ह पूल करताय? लाज वाटत नाही का?

झऱ्याकाठचा | सकाळी ७:३०

पाणी फिल्टर होऊन तेच तेच फिरतं साहेब. उडून जातं तेवढंच भरतो. गेल्या साली आमचा तालुका सरकारच्या ४० दुष्काळी तालुक्यांत होता, तेव्हा बोअरला हात लावला नाही, टँकर घेतले. एका एकर उसाला किती पाणी जातं ते विचारा आधी.

पाणीपुरवठा_कोलमडला | सकाळी ७:३३

उसाचं पण बोलणारच आहे. ठिबक नसलेला ऊस बंदच केला पाहिजे.

बागाईतदार | सकाळी ७:४१

झालं सुरू. पाणी दिसलं की मराठवाड्यात आधी उसाच्याच नावानं बोटं मोडायची. सोयाबीनला २०२४-२५ चा हमीभाव ४८९२ आहे, बाजारात तेवढा मिळतोय का ते बघा जरा. मग लावू सोयाबीन.

ताळेबंद_तात्या | सकाळी ८:१०

ऊस-सोयाबीनचा वेगळा धागा काढा. झऱ्याकाठचे, टँकरचं बरं आठवलं. पैसे कसे दिले?

झऱ्याकाठचा | सकाळी ८:२६

रोख. टँकरवाला बँक-बिंक काही घेत नाही. आठवड्याचे एकदम, १४-१५ हजार. चिठ्ठ्या आहेत सगळ्या.

ताळेबंद_तात्या | सकाळी ८:४०

एका दिवशी एकाच माणसाला १० हजारांवर रोख दिले तर तो खर्च प्राप्तिकराच्या हिशोबात धरत नाहीत. वाहतूकदाराला ३५ हजारांची सवलत आहे, पण ती भाड्याने चालणाऱ्या मालवाहू गाडीच्या मालकाला. तुमच्या चिठ्ठीवर 'पाणी' लिहिलंय की 'वाहतूक', यावरून वाद निघेल. त्या चिठ्ठ्या सीएंना दाखवल्यात का?

झऱ्याकाठचा | सकाळी ८:४४

गठ्ठा करून दिलाय.

हुरडा_पार्टी | सकाळी ९:१५

माझा सल्ला ऐका, कृषी पर्यटनात नोंदणी करून घ्या. राज्याचं धोरण २०२० मध्ये आलंय. हुरडा, बैलगाडी, चुलीवरचं पिठलं. आमच्याकडं डिसेंबरपासून रविवारी पाय ठेवायला जागा नसते. कुणाला बुकिंग हवं असेल तर व्यक्तिगत निरोप करा.

नोंदवही | सकाळी ९:२१

जाहिरात नको, ताई. इथे प्रश्न ताळेबंदाचा चाललाय.

निवृत्त_शाखाधिकारी | सकाळी १०:३०

मी ३१ वर्षं कर्जाच्या फायली वाचल्या, म्हणून बँकेच्या बाजूने लिहितो. तोटा दिसला की फाईल फेकली, असं नसतं. आम्ही तोट्यात घसारा परत मिळवून बघायचो, कारण तो खिशातून जात नाही. तुमचा ५ लाख १० हजार तोटा म्हणजे कार्डांचे पैसे सोडून रोखीत फक्त ६० हजारांची तूट. शिवाय पुढच्या तीन हंगामांची १६० गिऱ्हाईकं आधीच पैसे देऊन बसलेली. पार्क नवीन आहे, त्याला हे वाईट नाही. मॅनेजरला कार्डांची यादी आणि एप्रिल ते सप्टेंबरची विक्री द्या, ताळेबंदासोबत. उलट १२ लाख नफ्यात घुसवून दाखवले असते आणि मी ते पकडलं असतं, तर तुमच्या बाकीच्या आकड्यांवरचाही विश्वास उडाला असता.

सीए बदलण्याचं तर मनातच आणू नका. कामात चूक नसताना सीए बदलला की बँक पहिलं तेच विचारते.

गोदाकाठी | सकाळी १०:४८

आणि तोटा आहे ना, मग १५ नोव्हेंबर चुकवू नका. कंपन्यांच्या प्राप्तिकर रिटर्नची तारीख यंदा ३१ ऑक्टोबरवरून १५ नोव्हेंबर केलीय. मुदतीनंतर भरलं तर धंद्याचा तोटा पुढच्या वर्षांत वजा करता येत नाही. घसाऱ्याचा भाग येतो, बाकीचा बुडतो. तीन दिवस आहेत. सही करा!

नोंदवही | सकाळी ११:०५

हे खरं. रिटर्नला सभेसाठी थांबायचं कारण नाही. संचालक मंडळाने हिशोब मंजूर केले, सीएंनी सही केली की भरता येतं.

पण एक अडलंय. नोंदणीची तारीख तात्यांनी कालच विचारली होती, झऱ्याकाठचे. प्रमाणपत्र काढा.

झऱ्याकाठचा | दुपारी १:१२

तारखेने काय फरक पडतो? दोन वर्षं होत आली. थांबा, बघतो.

६ फेब्रुवारी २०२३.

नोंदवही | दुपारी १:२०

अहो! हे काल रात्रीच सांगायचं ना.

१ जानेवारीनंतर नोंदलेल्या कंपनीचं पहिलं आर्थिक वर्ष कंपनी कायद्यानुसार त्याच ३१ मार्चला संपत नाही, पुढच्या वर्षीच्या ३१ मार्चला संपतं. तुमचं पहिलं वर्ष ६ फेब्रुवारी २०२३ ते ३१ मार्च २०२४, सलग. आणि पहिल्या वार्षिक सभेला सहा नाही, नऊ महिने मिळतात. म्हणजे ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत. तुमची तारीख गेलेलीच नाही. दंड शून्य. तारीख गेली असं सीए म्हणाले का?

झऱ्याकाठचा | दुपारी १:२५

सीए नाही म्हणाले. चुलतभावाने यूट्यूबवर बघितलं.

गोदाकाठी | दुपारी १:३१

मी सांगितलेला नियम चुकीचा नव्हता. पहिलं वर्ष आहे हे कुणी लिहिलंच नव्हतं.

ताळेबंद_तात्या | दुपारी १:५०

म्हणून तर पहिल्याच उत्तरात विचारलं होतं.

झऱ्याकाठचे, आता यातली दुसरी बाजू. प्राप्तिकर खातं हे लांबलेलं वर्ष मानत नाही. तिकडे ३१ मार्च २०२३ ला एक वर्ष संपलंच. पार्क कधी उघडला?

झऱ्याकाठचा | दुपारी २:०४

२०२३ च्या पाडव्याला. २२ मार्च.

ताळेबंद_तात्या | दुपारी २:१५

म्हणजे दहा दिवसांचा गल्ला त्या वर्षाचा. त्याचं रिटर्न भरलंय का ते विचारा. नसेल तर अद्ययावत रिटर्नचा (आयटीआर-यू) रस्ता २०२४ च्या नियमाने मार्च २०२६ पर्यंत आहे, पण त्या दहा दिवसांत तोटा असेल तर तो रस्ताही बंद. आणि धंदा सुरू करण्याआधी आयएनसी-२०ए भरलात का? भागभांडवल खात्यात जमा झालं, हे कळवणारा तो फॉर्म.

झऱ्याकाठचा | दुपारी ३:४०

ईमेलमध्ये १४ मार्च २०२३ ची पावती सापडली. ज्याने कंपनी नोंदून दिली त्यानेच भरलंय. दहा दिवसांचं रिटर्न मात्र कुणालाच माहीत नाही. सीए म्हणाले, बघतो. आवाज बदलला होता त्यांचा.

नोंदवही | दुपारी ४:०२

कार्डाच्या मागे काय छापलंय? पैसे परत मिळण्याबद्दल काही?

झऱ्याकाठचा | दुपारी ४:१०

'पसंत न पडल्यास उरलेल्या वर्षांचे पैसे परत.' चुलतभावाची कल्पना. त्यामुळेच खपली कार्डं.

नोंदवही | दुपारी ४:२८

अरे देवा. सेवेपोटी घेतलेली आगाऊ रक्कम ३६५ दिवसांत जिरली नाही, तर कंपनी कायद्यात ती 'ठेव' समजण्याचा धोका असतो, आणि ठेवीचे नियम फार कडक आहेत. तुमचं कार्ड तीन वर्षांचं, वर परतीचं वचन.

ताळेबंद_तात्या | दुपारी ४:३५

ठेव कशी? सेवा पहिल्या दिवसापासून चालू आहे, रक्कम रोज जिरतेय. जिमची वर्गणी ठेव होते का?

नोंदवही | दुपारी ४:४१

जिमची वर्गणी वर्षाची असते, तात्या. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची रक्कम ३६५ दिवसांत कशी जिरणार? पुढच्या हंगामात एका वर्षाचंच कार्ड काढावं आणि ती ओळ खोडावी, असं माझं मत. जुन्या १६० बद्दल सीएंकडून लेखी घ्या.

ताळेबंद_तात्या | दुपारी ४:४४

ओळ खोडा, ते मान्य. ठेव मान्य नाही.

झऱ्याकाठचा | १५ नोव्हेंबर, रात्री ८:२०

रिटर्न आज दुपारी गेलं, तोट्यासह. मॅनेजरला यादी दिली, म्हणाले मतदान उरकू द्या २० तारखेचं, मग बघू. जीएसटी मेहुण्याने भरलाच नव्हता, व्याजासकट भरतोय. सभा १५ डिसेंबरला घरीच, अंगणात. सगळ्यांचे आभार, कपाशीवाल्यांचेही.

एक राहिलं. दाजींनी सुरुवातीला ६ लाख दिले होते कंपनीला, हातउसने. ते संचालकही नाहीत आणि भागधारकही नाहीत. सीएंनी त्यापुढे पेन्सिलने प्रश्नचिन्ह केलंय. नातेवाईकच आहेत, त्यात काय?

नोंदवही | रात्री ८:३१

दाजी म्हणजे बहिणीचे यजमान? इथेही ठेवीचाच प्रश्न आहे. कंपनी कायद्याच्या नातेवाइकांच्या यादीत बहीण आहे, बहिणीचा नवरा नाही. पैसे कुणाच्या खात्यातून आले?

झऱ्याकाठचा | रात्री ८:३३

जॉइंट खातं आहे दोघांचं.

नोंदवही | रात्री ८:३४

चेकवर सही कुणाची?

हुरडा_पार्टी | रात्री ८:४०

लहान मुलांचं तिकीट किती आहे हो तुमच्याकडं?