घरातला नेब्युलायझर : धुणे, वाळवणे आणि निगा – आपापले अनुभव

धागा सुरू करताना

माझ्या वडिलांना सीओपीडी (श्वास अडवणारा फुफ्फुसांचा जुनाट आजार) आहे आणि गेली सहा वर्षे आमच्या घरात नेब्युलायझर, म्हणजे पातळ औषधाचे बारीक तुषार करून ते श्वासातून देणारे यंत्र, रोज दोनदा चालतो. यंत्र घेतले तेव्हा औषध कोणते, किती आणि दिवसातून किती वेळा, हे सारे नीट समजावून मिळाले. ते स्वच्छ कसे ठेवायचे, हे मात्र खोक्यातल्या बारीक टायपाच्या पत्रकावर सोडून देण्यात आले, आणि ते पत्रक आम्ही पहिल्याच आठवड्यात हरवले.

गेल्या महिन्यात लक्षात आले की अडीच मिलिलिटर औषध, जे पूर्वी आठ-दहा मिनिटांत संपायचे, ते पंचवीस मिनिटे उलटली तरी औषध घालायच्या कपात शिल्लक राहते. वडील "आज मशीन मंद आहे" एवढेच म्हणत आणि मी मनातल्या मनात नव्या यंत्राचा हिशोब मांडत होते. शेवटी कप उघडून खिडकीच्या उजेडात धरला. मधल्या उभ्या नळकांडीच्या टोकाला, जिथून दाबाची हवा बाहेर पडते, त्या टाचणीच्या अग्राएवढ्या छिद्राभोवती पांढरी खरखरीत कड जमली होती. औषध संपल्यावर कप तसाच ठेवला की तळाचे उरलेसुरले थेंब वाळतात, आणि त्यांतले सलाइनचे मीठ व औषधाचा अंश तिथेच बसतो. टाचणी घालून छिद्र मोकळे करण्याचा मोह मी आवरला, कारण ते जराही मोठे झाले तर तुषार जाड होतात आणि औषध फुफ्फुसात न जाता घशातच बसते. कोमट पाण्यात कप अर्धा तास भिजवला, नळीच्या बाजूने पाण्याची धार सोडली, आणि दुसऱ्या दिवशी औषध नऊ मिनिटांत संपले.

त्यामुळे हा धागा. कसे धुता, काय बिघडले, काय उमगले, ते सविस्तर लिहावे. औषध बदलण्याचे किंवा बंद करण्याचे सल्ले कृपया इथे देऊ नयेत. तो डॉक्टरांचा विषय आहे.

दमा असलेल्या मुलाची आई

आमची चूक नेमकी उलट होती. प्रत्येक वेळी वाफ देऊन झाली (ती वाफ नव्हे, तुषार आहेत, हे ठाऊक असूनही घरात तोच शब्द रुळला आहे) की मी कप, मास्क सगळे सुटे करून सौम्य साबणाने धुवायची, आणि मग धूळ बसू नये म्हणून ओल्यानेच झाकणाच्या डब्यात भरून ठेवायची. एके दिवशी मुलाने मास्क लावताच तोंड वळवले आणि "याला ओल्या फडक्याचा वास येतो" असे म्हणाला. डबा उघडून पाहिला तर झाकणाच्या आतून पाण्याचे बारीक थेंब धरलेले होते. स्यूडोमोनाससारखे जंतू नेमक्या अशाच ओलसर जागी वाढतात, असे नंतर डॉक्टरांनी सांगितले, आणि मी इतक्या निगुतीने रोज काय जपत होते ते कळले.

आता धुतल्यावर प्रत्येक भाग जोरात झटकते आणि धुतलेल्या सुती कापडावर सुटा-सुटा पसरून ठेवते. कापडाने आतून पुसत नाही, कारण धागे छिद्रात अडकतात. पूर्ण कोरडे झाल्याशिवाय काहीही डब्यात जात नाही. शेवटची विसळणी उकळून गार केलेल्या पाण्याने करते. नळाच्या पाण्यातले जे जंतू पोटात जाऊन काही करत नाहीत, तेच पाच मायक्रॉनहून (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक थेंबांवर बसून थेट श्वासनलिकांच्या टोकापर्यंत पोचतात.

सिस्टिक फायब्रोसिस असलेल्या भाच्याची मावशी

सिस्टिक फायब्रोसिस या जन्मजात आजारात फुफ्फुसात चिकट कफ साठतो आणि जंतुसंसर्ग लवकर होतो, म्हणून आमच्याकडे नुसते धुणे पुरत नाही, निर्जंतुकीकरण रोजचेच आहे. साबणाने धुतल्यानंतर भाग पाच मिनिटे उकळतो. सुरुवातीला उत्साहाच्या भरात मास्कही त्याच पातेल्यात टाकला होता. बाहेर काढला तेव्हा त्याची कड अशी मुरडली होती की तो नाकावर बसेना. मऊ पीव्हीसीचा मास्क आणि लांब नळी उकळायची नसते, आणि कपदेखील पत्रकात तशी परवानगी असेल तरच. जे भाग उकळत्या पाण्यात टिकत नाहीत, पण ज्यांना रसायन चालते, ते सत्तर टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये पाच मिनिटे किंवा तीन टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये तीस मिनिटे बुडवून ठेवता येतात. त्यानंतर निर्जंतुक पाण्याने विसळणे आवश्यक आहे, नाहीतर ती रसायनेच नाकात जातात.

व्हिनेगरबद्दल कोणीतरी विचारेलच, म्हणून आधीच लिहिते. काही कंपन्यांच्या पत्रकांत पाणी घातलेले व्हिनेगर सुचवलेले असते आणि क्षार काढायला ते उपयोगीही पडते, परंतु सिस्टिक फायब्रोसिसच्या रुग्णासाठी निर्जंतुकीकरण म्हणून ते पुरेसे मानले जात नाही.

दम्याचा रुग्ण, वय ७१

वरचे सारे वाचून दडपण आले. मी एकटा राहतो. पहाटे तीन वाजता धाप लागल्यावर यंत्र लावायचे, आणि श्वास ठिकाणावर आला की उकळते पातेले सांभाळायचे, हे माझ्याच्याने होणार नाही आणि मी ते करणारही नाही. मी दोन किट (कप, मास्क, नळी असा संच) ठेवले आहेत. रात्री वापरलेला कप उरलेले औषध ओतून देऊन पाण्याच्या वाडग्यात टाकतो, म्हणजे काही वाळून चिकटत नाही. सकाळी चहा होईपर्यंत तो साबणाने धुऊन होतो आणि दिवसभर वाळतो, तोवर दुसरा हाताशी असतो. एवढे सोवळे मला जमते.

एक गोष्ट मात्र चुकवत नाही. ब्युडेसोनाइड (श्वासातून घ्यायचे स्टेरॉइड औषध) घेतल्यावर चूळ भरतो आणि मास्क होता तेवढा चेहरा धुतो. एकदा आळस केला, तर जिभेवर पांढरा थर आला आणि पंधरा दिवस तिखट खाता आले नाही.

मेश नेब्युलायझर वापरणारी

हातात मावणारे, आवाज न करणारे यंत्र प्रवासासाठी म्हणून घेतले. यात हवेचा पंप नसतो; अतिसूक्ष्म छिद्रांची धातूची चकती प्रचंड वेगाने कंप पावते आणि औषध त्या छिद्रांतून तुषार होऊन बाहेर पडते. धुके विरळ झाले, म्हणून मी कान साफ करायच्या कापसाच्या काडीने ती चकती "हलकेच" पुसली. दुसऱ्या दिवसापासून एका बाजूने धुके आणि दुसऱ्या बाजूने नुसते थेंब. चकती बदलावी लागली. तिला बोट, ब्रश, कापूस काहीही लावायचे नसते. वापरानंतर थोडे शुद्ध पाणी घालून यंत्र एक-दोन मिनिटे चालवायचे, एवढीच तिची सफाई, हे पत्रकाच्या दुसऱ्याच पानावर छापलेले होते.

वैद्यकीय उपकरणांची दुरुस्ती करणारा

दुरुस्तीसाठी येणाऱ्या कॉम्प्रेसरपैकी (नेब्युलायझरचा हवा दाबणारा पंप) बरेचसे बिघडलेले नसतातच. मागच्या किंवा खालच्या बाजूला नखाएवढे झाकण असते, त्याच्या आत हवेचा फिल्टर असतो. तो मूळचा पांढरा असतो, हे ऐकून अनेक जण चकित होतात, कारण माझ्यापुढे येतो तो राखाडी, क्वचित काळा. तो गुदमरला की पंपाला हवा मिळत नाही, मोटर तापते, आणि औषधाला वेळ लागतो. बहुतेक फिल्टर धुण्याजोगे नसतात. ओला करून परत बसवला तर तो ओलावा पंपात ओढला जातो. यंत्र गादीवर किंवा पांघरुणावर ठेवून चालवणे हा दुसरा प्रकार. खालचे झरोके बंद होतात आणि तापमान वाढले की सुरक्षेसाठी बसवलेला स्विच यंत्र मध्येच बंद पाडतो. अर्ध्या तासाने ते आपोआप सुरू होते, आणि घरचे म्हणतात की आमचे मशीन लहरी आहे.

नळी धुऊ नये, कारण ती आतून लवकर वाळत नाही. आत दव धरलेले दिसले तर कप काढून ठेवावा आणि नुसती नळी जोडून यंत्र दोन-तीन मिनिटे चालवावे. हवेनेच ती कोरडी होते. आतून डाग किंवा बुरशी दिसली तर नळी बदलावी.

धागा सुरू करणारी

उत्तरे वाचून आज यंत्र पालथे करून पाहिले. सहा वर्षांत आमच्यापैकी कोणालाही तिथे झाकण आहे हे माहीत नव्हते. आतला फिल्टर काढून वडिलांच्या तळहातावर ठेवला, तर त्यांना तो झाकणाचाच रबरी तुकडा वाटला. नवा मागवला आहे. तो बसवला की झाकणाच्या बाजूला मार्करने तारीख लिहून ठेवणार आहे; किटचीही तारीख लिहावी असे वडिलांचे म्हणणे पडले, पण आत्ताचा किट कधी आणला, यावर आमचे अजून एकमत झालेले नाही.